सोळा गुरुवारांतले पाच

बुक्क्याची चिमूट कपाळापर्यंत पोचायच्या आतच तो शिंकला.

साधीसुधी शिंक नव्हती ती. ताटातला निम्मा बुक्का उडाला, माझ्या पिवळ्या पातळावर काळी नक्षी उठली, आणि औरादच्या मारुतीच्या देवळात बसलेल्या साठ-सत्तर माणसांनी एकदम माना वळवल्या. पूर्वरंग नुकताच संपला होता. गळ्यात हार घालून उभे असलेले अप्पा — माझे वडील, श्रीनिवासराव कीर्तनकार — चिपळ्या खाली धरून गालात हसत होते.

"शिंक झाली की ग माय," बायांच्या बाजूनं लिंगम्मा म्हणाली. ती चिकलीची, बाजाराला आली की कीर्तन ऐकूनच परतायची. "कुनाचं तरी काम अडतंय आता."

"माफ करा," तो पुटपुटला. "मला... कीर्तनाची सवय नाही."

"शिंका बुक्क्यानं येतात, कीर्तनानं नाही."

पावसानं तो डोक्यापासून भिजला होता. केसांतून पाण्याचे थेंब गालावर उतरत होते. पण मांडीवरची लाकडी पेटी मात्र कोरडी होती. अंगातला कोट काढून त्यानं तिला गुंडाळलं होतं, लहान लेकराला गुंडाळावं तसं.

"पेटी खाली ठेवा, आरामात बसा."

"खाली ओल आहे."

"आत सोनं आहे काय?"

"बारा बाटल्या आहेत. साप चावल्यावर द्यायच्या." त्यानं पेटीवर हात ठेवला. "बिदरहून आणल्यात. पावसामुळं इथं थांबलो. दवाखाना कुठं आहे हो?"

मी ताट खाली ठेवलं. बिदरच्या औषधभांडारातून एक माणूस दोन महिन्यांच्या ड्यूटीवर येणार, असं पत्र आलं होतं. नाव प्राणेश. मला वाटलं होतं, टक्कल असलेला, पानं खाणारा कोणी असेल.

"मग ती पेटी माझी आहे," मी म्हणाले. "दवाखान्याच्या औषधखिडकीत मीच असते. वृंदा. तुमच्या कागदावर सही माझीच लागणार."

त्यानं माझ्या पातळावरचा बुक्का पाहिला, ताट पाहिलं, मग मला पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं.

"तर मग सही करा. मी मोकळा होतो."

"उत्तररंग संपल्यावर. कीर्तनातून मधेच उठत नाहीत आमच्याकडं."

तो बसला. वर पत्र्यावर पाऊस, खाली अप्पांचा षड्ज. मी पेटीवर — म्हणजे माझ्या, वाजवायच्या पेटीवर — सूर धरला आणि पहिल्यांदाच एक काळी पट्टी चुकले.

*

एकोणऐंशी साल होतं ते. आमच्या दवाखान्यात डॉक्टर अमृतप्पा म्हणतील ती पूर्व दिशा. माणूस मायाळू, पण शिस्तीचा. सापाच्या बाटल्या आल्या की त्या त्यांच्या कपाटात जायच्या आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. आजवर असंच चाललं होतं.

"सगळ्या इथंच कामून ठेवायच्या?" प्राणेशनं मला विचारलं. गुलबर्ग्याचा मुलगा, घरात कन्नड, पण मराठी आमच्यासारखीच बोलायचा. आमचंच बोलणं आम्हाला परत ऐकवत असल्यासारखं वाटायचं.

"मग काय करायचं? तालुक्यात सहा उपकेंद्रं आहेत. दोन-दोन वाटल्या तर एकालाही पुरणार नाहीत. एका माणसाला पाच-सहा तरी लागतात."

"वाटू नका. आधी झाड काढू."

"काय काढू?"

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान टर्रकन फाडलं आणि उलटं केलं. पेन्सिलीनं डाव्या कडेला एक चौकोन काढला. त्यातून दोन रेघा निघाल्या. प्रत्येक रेघेच्या टोकाला एक गोल आणि गोलातून पुन्हा रेघा... बघता बघता कागदावर आडवं पडलेलं झाड उगवलं.

"चौकोन म्हणजे आपण ठरवायचं ते. बाटल्या सगळ्या औरादला ठेवायच्या, की निम्म्या ओढ्यापलीकडं चिकलीला? ते आपल्या हातात. गोल म्हणजे आपल्या हातात नाही ते. साप कुठं चावणार, ओढ्याला पाणी असणार की नाही. त्याचा नुसता अंदाज धरायचा. दहात किती वेळा, असा. आणि मग टोकाकडून मागं यायचं, गुणत-मिळवत. शेवटी प्रत्येक फांदीवर एक आकडा पडतो — दहातली किती माणसं वाचतील."

मी त्या कागदाकडं बघतच राहिले. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. लहानपणापासून मी देवळात ऐकत आले होते की काही आपल्या हाती असतं आणि काही त्याच्या. पण त्या दोहोंच्या मधली रेघ कुणी पेन्सिलीनं काढून दाखवली नव्हती.

"हे तुम्ही शोधलंत?"

"छे हो. कॉलेजात एका सरांनी शिकवलं. बाकीचे झोपले होते."

"आणि तुम्ही?"

"मी पुढच्या बाकावर होतो. झोपायची सोय नव्हती."

मी हसले. मग त्याला चहा विचारला. का कोण जाणे, त्यानं खिशातली छोटी वही काढून काहीतरी टिपलं.

आकडे हवे होते. मी दंशाचं रजिस्टर काढलं. गेल्या पावसाळ्यात अलीकडच्या गावांतून नऊ जण आलेले, ओढ्यापलीकडून फक्त दोन. आकडे झाडात घातले, आणि औरादच्या फांदीवर दहात नऊ आले.

"डॉक्टरांचंच बरोबर," मी म्हणाले.

"हं." तो पेन्सिल चावत होता. "दोनच कामून पण? पलीकडचे साप सज्जन आहेत काय?"

त्याच वेळी खिडकीत लिंगम्मा आली, खोकल्याच्या औषधासाठी स्वतःची बाटली घेऊन. मी सहज विचारलं, "अक्का, गेल्या साली तुमच्याकडं साप कुणाला चावला होता का ग?"

"चावला की. माझ्या धाकट्या दिराला. श्रावणात." तिनं पदरानं बाटलीचं तोंड पुसलं. "गेला."

मी रजिस्टर पुन्हा पाहिलं. "इथं नाव नाही त्याचं."

"कसं असंल माय? वड्याला पानी होतं. तुमच्यापत्तोर आलाच न्हाई तर नाव कोन लिवनार?"

ती औषध घेऊन गेली. मी रजिस्टर मिटलं.

"रजिस्टरमध्ये पोचलेलेच असतात," प्राणेश हळूच म्हणाला.

*

न पोचलेले कुठं मोजायचे?

दर गुरुवारी दुपारी अप्पांचं कीर्तन चिकलीच्या मारुतीच्या देवळात असायचं, चातुर्मासभर. आजूबाजूच्या गावांतून माणसं यायची. मी मध्यंतरात बुक्का आणि हळद-कुंकू लावत फिरले आणि प्रत्येक कपाळापाशी थांबून विचारलं — गेल्या पावसाळ्यात तुमच्या गल्लीत कुणाला? वाचला का? दवाखान्यात नेला होता का? लोक खालच्या आवाजात सांगत. एक म्हातारा नुसताच माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं एक बोट वर केलं आणि डोळे मिटले. मी त्याला बुक्का लावला. ताटात बुक्का कमी होत होता आणि माझ्या मनातले आकडे वाढत होते. सात.

ओढ्याला पाणी किती दिवस असतं, हा दुसरा गोल. तो कुठून भरायचा?

"गेल्या चातुर्मासाची माझी वही बघा की," अप्पा म्हणाले. कुठल्या गुरुवारी काय निरूपण केलं, कुठलं आख्यान लावलं, सगळं त्यांच्या वहीत असायचं. जिथं ओढा ओलांडता आला नाही तिथं लाल शाईत एकच शब्द — 'अडला'. सोळा गुरुवार. त्यांतले पाच अडलेले.

प्राणेशनं ती वही दोन्ही हातांत धरली. लाल शब्दांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"असा आकडा बिदरमध्ये कुणाकडं नाही," तो म्हणाला. "कुठल्याच ऑफिसात नाही. आणि हा माणूस तो गळ्यानं गोळा करत होता."

अप्पांनी कपाळावरचं गंध सारखं केलं. कौतुक झालं की ते असंच करायचे.

मी खुशीत होते. चिकलीच्या उपकेंद्रातल्या नर्स सावित्रीबाईंना कागद दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, चष्मा काढला.

"वृंदाताई, हे कीर्तनाला आलेलेच मोजलात तुम्ही."

"म्हणजे?"

"आमच्या भीमनगरातलं कोण येतंय मारुतीच्या देवळात? साप तर तिथंही चावतोय. त्याला काय कीर्तन ठाऊक न्हाई."

माझं तोंड उतरलं. डॉक्टरांच्या रजिस्टरला नावं ठेवून मी माझं तसलंच रजिस्टर केलं होतं, फक्त त्याला बुक्का लावून. प्राणेश हसला नाही. मला ते फार आवडलं.

त्या दिवशी सावित्रीबाईंच्या मागोमाग मी भीमनगरात घरोघर गेले. एका घरात त्यांनी मला गुळाचा चहा दिला, एका घरात भिंतीवरचा तरण्या मुलाचा फोटो दाखवला. चार.

सात आणि चार — अकरा. रजिस्टरात त्यांतले दोन.

नवे आकडे झाडात घातले. औरादची फांदी दहात नवावरून घसरून सहावर आली. निम्म्या-निम्म्याची फांदी आठवर चढली.

डॉक्टर अमृतप्पांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "आणि अलीकडं एकापाठोपाठ दोघं आले तर? माझ्याकडं सहाच बाटल्या."

"तोही गोल काढलाय, डॉक्टर," प्राणेशनं बोट ठेवलं. "दहात एकदा तसं होईल. बिदरहून माल यायला दोन दिवस लागतील."

"त्या दोन दिवसांत मेलेल्याच्या बायकोला हा कागद दाखवू काय?"

प्राणेशनं कागदावरचं बोट मागं घेतलं. डॉक्टरांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं.

"साठा तुझ्या नावावर आहे, पोरी. सही तुझी लागणार. तू बोल."

मला तो म्हातारा आठवला. ते एक बोट. सहा बाटल्या चिकलीला पाठवायच्या कागदावर मी सही केली... आणि सही करताना पहिल्यांदा समजलं की चौकोन काढायला सोपा असतो, त्यात उभं राहायला नाही.

*

भाद्रपदातल्या सोमवारी अलीकडच्याच एका शेतकऱ्याला नाग चावला. त्याला सहाच्या सहा बाटल्या लागल्या. तो वाचला. कपाट रिकामं झालं.

आता दुसरा आला तर?

बिदरला निरोप गेला. मी खिडकीत बसून रस्त्याकडं बघायची. बैलगाडी वळली की उठून उभी राहायची. प्राणेश शेजारच्या स्टुलावर बसून राहायचा.

"काही होणार नाही म्हणा की," मी शेवटी म्हणाले.

"होऊ शकतं," तो म्हणाला. "खोटं कसं सांगू? पण वृंदा, त्या दिवशी जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं घालून तुम्ही ठरवलंत. आज काहीही घडलं तरी ते ठरवणं बिघडत नाही. एवढं मी कुणाच्याही बायकोला सांगेन. तुमच्या शेजारी उभा राहून."

पहिल्यांदाच त्यानं माझं नुसतं नाव घेतलं होतं. त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो उगाचच मलमाच्या डब्या मोजायला लागला. मोजलेल्याच.

बुधवारी दुपारी बिदरच्या बसमधून नवी पेटी उतरली. मी ती उतरवून घेताना रडले. कंडक्टर म्हणाला, "ताई, पेटीत कुणाच्या घरची वाईट खबर आहे काय?"

पण पलीकडचं काहीच कळत नव्हतं. मंगळवारपासून ओढा दोन्ही काठ भरून वाहत होता.

गुरुवार उजाडला. प्राणेशचा औरादमधला शेवटचा गुरुवार. उद्याच्या बसनं तो परतणार होता.

"ओढ्यापर्यंत तरी जाऊन येऊ," अप्पा म्हणाले. चिपळ्या, झांजा, बुक्क्याचं ताट, सगळं घेऊन आम्ही निघालो. अप्पांच्या डोक्यावर छत्री, प्राणेशच्या डोक्यावर माझी वाजवायची पेटी. तिलाही त्यानं कोटात गुंडाळलं होतं.

ओढा तांबडा, फेसाळ, आडवा. पलीकडच्या काठावर चिकलीचे लोक जमले होते. तेही अप्पांची वाट बघत. हाका मारल्या, पण पाणी आवाज गिळत होतं. मग गर्दीतून पांढऱ्या साडीतल्या सावित्रीबाई पुढं आल्या. त्यांनी दोन्ही हात वर केले. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याचं एक.

"सहा," मी म्हणाले. "सहाही बाटल्या वापरल्या..."

कुणासाठी? आणि मग काय झालं? सहा बोटांनी तेवढं कळत नव्हतं. माझ्या हाताभोवती कुणाची तरी बोटं घट्ट मिटली. प्राणेशचा हात होता.

सावित्रीबाई बाजूला झाल्या. मागं एक बैलगाडी उभी होती. तीतून कुणीतरी हळूच उतरलं, एका पायाला पांढरी पट्टी, दोघींच्या खांद्यावर हात. लिंगम्मा. लंगडत काठापाशी आली, चिखलात उभी राहिली आणि पाण्यापलीकडून आम्हाला हात जोडले.

मंगळवारी रात्री तिला साप चावला होता, हे नंतर कळलं. हा ओढा मंगळवारपासून असाच होता. बाराही बाटल्या औरादच्या कपाटात ठेवल्या असत्या तर शेतकऱ्याला देऊन उरलेल्या सहा आज जशाच्या तशा असत्या, आणि रजिस्टरमध्ये लिंगम्माचं नाव कधीच लागलं नसतं.

अप्पांनी छत्री मिटली.

"वृंदा, सूर दे."

"अप्पा, शब्द पोचणार नाहीत पलीकडं."

"शब्द नाही पोचले तर झांज पोचेल."

मी सूर दिला. अप्पांनी पावसात नमन म्हटलं. शब्द पाण्यात विरत होते, पण झांजेचा ठोका पलीकडं गेला. तिकडच्या माणसांनी तो टाळ्यांनी झेलला, आणि त्यांच्या टाळ्या पाण्यावरून आमच्याकडं परत आल्या. मधे तांबडं पाणी धडधडत होतं, दोन्ही काठ एका लयीत होते. किती तरी कीर्तनं मी ऐकली. देव इतक्या जवळ उभा आहे, असं त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

पूर्वरंग संपला. मध्यंतर झालं. मी ताट उचललं. अलीकडं बुक्का लावायला एकच कपाळ होतं.

प्राणेशनं खिशातून कागद काढला. कॅलेंडरच्या पानाचा उरलेला तुकडा, घडी घालून मऊ झालेला. त्यावर एक अगदी लहान झाड होतं. एक चौकोन — 'विचारावं' आणि 'न विचारता जावं'. 'विचारावं'च्या पुढं गोल. गोलातून दोन रेघा. 'हो'वर तीन, 'नाही'वर सात.

मी कागदाकडं पाहिलं. मग त्याच्याकडं. त्याचे कान लाल झाले होते.

"हे तीन कुठून आणले?"

"साठ दिवसांत अठरा वेळा तुम्ही मला चहा विचारलात," तो म्हणाला. "टिपून ठेवलंय. म्हणजे दहात तीन होतात... कमीच आहेत. पण न विचारता गेलो, तर तो आकडा शून्य होतो."

मी बुक्क्यात बोट फिरवलं.

"एवढं शिकून तीच चूक केलीत," मी म्हणाले. "तुमच्या वहीत विचारलेलेच चहा आहेत. मनात आले आणि लाजून विचारायचे राहिले, ते कोण मोजणार?"

त्याला कळायला क्षणभर लागलं. मग कळलं... आणि त्याचा चेहरा असा झाला की मला बघवेना, आणि दुसरीकडंही बघवेना.

"ते... किती होते?" त्यानं विचारलं.

उत्तर न देता मी चिमूट त्याच्या कपाळाकडं नेली. त्यानं श्वास रोखून धरला. डोळे घट्ट मिटले. बोट टेकलं मात्र, तो शिंकला. बुक्का उडाला, माझं पातळ पुन्हा काळं झालं.

त्यानं घाबरून डोळे उघडले. "शिंक झाली. आता काम अडणार."

"शिंक म्हणजे गोल," मी म्हणाले. "ती तुमच्याही हातात नाही, माझ्याही नाही. चौकोन माझा आहे. आणि माझं ठरलंय."

त्यानं पेन्सिल काढली, पण लिहिता येईना. कागद भिजून गेला होता. तसाच, झाडासकट, त्यानं तो घडी करून वरच्या खिशात ठेवला.

अप्पा आमच्याकडं पाठ करून उभे होते. हार नव्हता, म्हणून पलीकडच्या बायांनी पाण्यात फुलं सोडली होती आणि ती वाहत जाताना ते बघत होते. मान न वळवताच त्यांनी विचारलं,

"वहीत काय लिहू? ओढा तर ओलांडला नाही. हा गुरुवार अडला म्हणून लिहू, की झाला म्हणून?"

आम्ही दोघंही एकदमच बोललो.

"झाला म्हणून."